फिल्म चमकली, पण लेसर मिळाला का?

रोडामिन ६जी हा डाय पीएमएमए पॉलिमरमध्ये मिसळून काचेवर पातळ फिल्म बनवली आणि तिच्यावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर पल्स टाकला, की ती पिवळी-नारिंगी चमकते. रेणू हिरवा प्रकाश शोषतो, थोडी ऊर्जा कंपनांत घालवतो आणि काही नॅनोसेकंदांत जास्त तरंगलांबीचा फोटॉन सोडतो.

मग चमक वाढवायला डाय जास्त घालायचा का? इथेच गंमत आहे. एका मर्यादेपुढे रेणू जवळ येऊन जोड्या बनवतात, ऊर्जा उष्णतेत जाते आणि चमक उलट कमी होते. शिवाय द्रव डाय लेसरमध्ये द्रावण वाहतं असतं, त्यामुळे खराब झालेले रेणू पुढे निघून जातात. फिल्ममध्ये ते जागीच अडकतात, म्हणून ती हळूहळू फिकी पडते.

आता महत्त्वाचं. पंपाची ऊर्जा वाढवल्यावर स्पेक्ट्रम अरुंद झाला, की लगेच ‘लेसर मिळाला’ असं लिहू नका. आरसे नसले तरी फिल्ममधून जाताना प्रकाश वाढत जातो आणि स्पेक्ट्रम अरुंद होतो. याला एएसई म्हणतात. लेसर म्हणायचं असेल तर रेझोनेटर कुठला, त्याचे मोड कुठे दिसतात, थ्रेशोल्ड किती, किरण एका दिशेने जातो का, हे सगळं दाखवा. व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येतो!