विषाणूंचा माग, उंदरांच्या वाटेने

■ सुरुवात : १९५२ साली पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू झाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा तिथला विषाणू याच संस्थेने शोधला.

■ साखळी : हा विषाणू गोचिडींमार्फत पसरतो. माकडे मरतात म्हणून ती नजरेत येतात. उंदीर-चिचुंद्र्या मात्र धडधाकट दिसत असतानाही तो बाळगू शकतात. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या विषाणूमुळे येणाऱ्या तापाचे रुग्ण आढळले.

■ चिचुंद्रीतला हंता : हंता कुळातला ‘थोट्टापलायम’ विषाणू १९६४ मध्ये वेल्लोरजवळ चिचुंद्रीत सापडला.

■ पाहणी : संध्याकाळी जिवंत पकडणारे सापळे लावतात. सकाळी प्राण्याची जात ओळखून रक्त घेतात, अंगावरच्या गोचिडी-पिसवा विंचरून काढतात. रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर विषाणूचा संसर्ग होऊन गेला असे समजतात.

■ घरातली काळजी : धाकट्या डहाणूत सुकी मासळी असो की तलासरीत भात, साठवणीची जागा झाडताना उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवा, थोडे थांबा, मग हातमोजे घालून पुसून घ्या.