नक्षी एकाची, माग दुसऱ्याचा : चिपचा धंदा कसा चालतो?

भिवंडी-मालेगावच्या मागवाल्याला जॉबवर्क म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. सूत व्यापाऱ्याचे, नमुना व्यापाऱ्याचा, माग आपला. पिकामागे ठरलेली मजुरी घ्यायची आणि ताके बांधून द्यायचे. पुढे बाजारात त्या कापडाला काय भाव आला, याच्याशी मागवाल्याचा संबंध उरत नाही. संगणक व मोबाईलच्या पोटात असणारी चिप आज बहुतांशी याच पद्धतीने तयार होते, हे मात्र आपल्या फार थोड्या व्यापारी बांधवांना ठाऊक असेल. फरक एवढाच की तेथे मजुरीने माल करून देणारा कारखानदार जगातील बड्या श्रीमंत कंपन्यांत जाऊन बसला आहे. हे कसे घडले, ते धंदेवाल्याने समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम माल काय आहे ते पाहू. चिप विणली जात नाही, छापली जाते. वाळूतून काढलेले सिलिकॉन अतिशय शुद्ध करून त्याची लांब गोल लगड ओढतात व तिच्या पातळ चकत्या कापतात. मोठी चकती ३०० मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यावर प्रकाशाने बदलणारा मसाला लावायचा, नक्षीच्या साच्यावरून प्रकाश टाकायचा, मग धुवायचे, कोरायचे आणि पुढचा थर घ्यायचा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, तसा येथे प्रत्येक थराला वेगळा साचा लागतो. आपल्या साडीचे काम सहा-आठ जाळ्यांत भागते, येथे साचे डझनांनी लागतात. जाळी केसभर सरकली तर साडी सेकंडमध्ये तरी विकली जाते. येथे केसाच्या हजाराव्या भागाइतकी चूकही माल बुडवते. या नक्षीतील प्रत्येक बारीक घर म्हणजे ट्रान्झिस्टर, विजेचे चालू-बंद होणारे बटण. हे बटण अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली प्रथम तयार झाले. अनेक बटणे एकाच तुकड्यावर आणण्याची युक्ती १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी व रॉबर्ट नॉइस यांनी वेगवेगळी शोधली. इंटेल कंपनीच्या १९७१ च्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० बटणे होती.

त्या काळी चिपची नक्षी हाताने उतरवत. टेबलाएवढ्या लाल फिल्मवर सुरीने रेषा कापायच्या, नको तो भाग सोलून काढायचा आणि कॅमेऱ्याने ती नक्षी लहान करायची. आपले खाके काढणारे जुने कारीगर या कामात अगदी घरच्यासारखे रमले असते! किंबहुना विणकरांचा या धंद्याशी प्रत्यक्ष संबंधही आलेला आहे. फेअरचाइल्ड कंपनीने १९६५ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवासी नवाहो लोकांच्या शिपरॉक गावी कारखाना काढला व तेथे बहुतांशी स्त्रियांना कामावर घेतले. १९६९ च्या पुस्तिकेत कंपनीने त्यांच्या गालिच्यांच्या नक्षीशी चिपच्या नक्षीची तुलना केली आणि विणकाम करणारे हात या कामास कसे योग्य आहेत, याची तारीफ केली. तारीफ झाली, परंतु नक्षी कंपनीचीच राहिली. १९७५ मध्ये आंदोलकांनी कारखाना ताब्यात घेतल्यावर कंपनीने तो बंद करून टाकला.

या सर्व कंपन्या नक्षी स्वतः काढत आणि छपाईही स्वतःच करत. ज्याच्याजवळ कारखाना नाही, त्याला चिप काढता येत नसे. ही गाठ सुटली ती दोन ठिकाणी. कार्व्हर मीड व लिन कॉनवे या दोघांनी चिप आरेखनाचे सोपे, लेखी नियम बसवले व १९८० मध्ये त्यावर पाठ्यपुस्तक छापले. त्याआधी १९७९ साली कॉनवेबाईंनी डझनभर विद्यापीठांतील शंभराहून अधिक जणांच्या नक्ष्या मागवून त्या एकत्र बसवल्या, त्या दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात छापून घेतल्या आणि ज्याचा तुकडा त्याला परत पाठवला. कारखान्यात पाऊल न टाकता चिप काढता येते, हे यावरून सिद्ध झाले.

दुसरी गोष्ट तैवानची. मॉरिस चँग हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीत २५ वर्षे नोकरी केलेले गृहस्थ. १९८५ मध्ये तैवान सरकारने त्यांना बोलावले आणि १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी ही कंपनी काढली. निम्म्याच्या आसपास भांडवल सरकारी होते व चौथ्या हिश्श्याहून जास्त हॉलंडच्या फिलिप्सचे. चँग यांनी एकच बंधन घालून घेतले : आपण फक्त मजुरीने छापायचे, स्वतःच्या नावाची चिप बाजारात आणायची नाही. वरवर पाहता हे नुकसानीचे वाटेल. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. आपला नवा नमुना आपण कोणत्या मागवाल्याकडे टाकतो? जो तोच नमुना आठ दिवसांत स्वतःच्या दुकानात लटकवील, त्याच्याकडे नक्कीच नाही. गिऱ्हाइकाची नक्षी ही अमानत आहे, एवढ्या विश्वासावर चँग यांच्याकडे सगळ्यांचे काम आले. १९९३ मध्ये निघालेल्या एनव्हिडियाने स्वतःचा छपाई कारखाना कधी काढलाच नाही. ॲपलच्या स्वतःच्या चिपाही तेथेच छापल्या जातात. आलेला पैसा चँग यांनी पुन्हा यंत्रांत घातला, आणि आज नव्या कारखान्याला हजार कोटी डॉलरहून अधिक लागतात, तेव्हा त्यांची बरोबरी करणे भल्याभल्यांना जमत नाही. मजुरीचा भाव पाडून घेण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही, ती यामुळे.

याहून चतुर सौदा इंग्लंडच्या एआरएमचा वाटतो. ही कंपनी १९९० मध्ये बारा माणसांवर सुरू झाली. ती चिप छापत नाही. नक्षीचा गाभा भाड्याने देते : आधी परवान्याची रक्कम, नंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे हिस्सा. जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये तिचा गाभा आहे. जपानच्या सॉफ्टबँकेने २०१६ मध्ये ही कारखाना नसलेली कंपनी सुमारे ३,२०० कोटी डॉलरला घेतली. या भाड्याला पर्याय म्हणून अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात २०१० पासून रिस्क-फाइव्ह ही मोफत पद्धत तयार झाली. तिच्यावर आधारलेली ‘शक्ती’ ही चिप मद्रासच्या आयआयटीने काढली आहे.

आता नवे काय चालले आहे? चिप छापणाऱ्या यंत्रालाही पन्हा असतो. एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटरहून मोठी नक्षी बहुतेक यंत्रांना छापता येत नाही. शिवाय तुकडा जितका मोठा, तितका त्यात डाग सापडण्याचा संभव जास्त, आणि एका डागाने पूर्ण तुकडा फुकट जातो. म्हणून मोठी चिप एकसंध न छापता लहान तुकडे छापायचे, तपासायचे आणि चांगले तेवढे जोडायचे, ही रीत रूढ होत आहे. एएमडी कंपनीने २०१९ मध्ये हिशेब करणारे तुकडे महागड्या बारीक छपाईत करून घेतले आणि मालाची आवकजावक पाहणारा तुकडा जुन्या, स्वस्त छपाईत. काठ जरीचा आणि अंग साधे, असाच हा हिशेब! एनव्हिडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ब्लॅकवेल चिपमध्ये पूर्ण पन्ह्याचे दोन तुकडे जोडलेले आहेत आणि बटणे २०,८०० कोटी आहेत.

आपल्या देशात मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये चिपा निघू लागल्या, पण १९८९ च्या आगीने तो मागे पडला. गुजरातेत ढोलेरा येथे टाटांच्या ९१,००० कोटी रुपयांच्या कारखान्यास सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तंत्र तैवानच्या पीएसएमसीचे आहे. नक्षी काढण्यात मात्र आपण नवखे नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्येच बंगळूरला आरेखनाची कचेरी काढली, आणि जगातील चिप आरेखकांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत, असे केंद्र सरकार सांगते. पण यातील बहुतेक परदेशी कंपन्यांचे पगारदार आहेत. नक्षी येथे निघते, हक्क तिकडे नोंदला जातो. माझ्या मते या धंद्यात भारताची खरी अडचण हीच आहे, कारखाना नंतरची गोष्ट.

चिपच्या नक्षीला संरक्षण देणारा वेगळा कायदा आपल्याकडे २००० साली झाला असून नोंदणी केल्यास दहा वर्षे हक्क मिळतो. त्याच वर्षीच्या डिझाईन कायद्याखाली कापडावरील नवी नक्षीही नोंदता येते. तिची मुदत दहा वर्षे आहे व पुढे पाच वर्षे वाढवून मिळते. अट अशी की नमुना आधी कोठे प्रसिद्ध झालेला नसावा. म्हणून अर्ज आधी द्यावा आणि माल बाजारात नंतर दाखवावा.