तगोरी अत्ती, झब्बू!

जोयडा तालुक्यातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना पत्त्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. काळी नदीवर सुपा धरण आहे, तिथं वीजही तयार होते. पण पावसानं जोर धरला की आमच्या घरचे दिवे जातातच. मग कंदील लावायचा, चटई पसरायची आणि झब्बूचा डाव मांडायचा.

२००६ साली माझं लग्न झालं. बायको धारवाडकडची, माहेरी कानडी. आईला कानडी कळायचं, पण बोलायचा संकोच. पहिल्या पावसाळ्यात सासू-सुनेचं बोलणं मीठ, पाणी, जेवण यापुढे गेलं नाही. भांडण नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता.

चतुर्थीच्या जागरणाला आम्ही चौघं पत्ते खेळायला बसलो. एक डाव झाला. दुसऱ्यासाठी पानं पिसायला हवीत म्हणून बायको आईला म्हणाली, "इस्पीट कोड्री." कानडीत सगळ्या पत्त्यांनाच इस्पीट म्हणतात. आई गोंधळली, "इस्पिकचीच पानं कशाला हवीत हिला?" त्या रात्रीचं पहिलं हसू तिथं फुटलं.

वाचकहो, बहुतेक खेळांत हात जिंकायचा असतो. झब्बूत तो अंगावर येऊ द्यायचा नसतो. चौघं असाल तर प्रत्येकाला १३ पानं. इस्पिकचा एक्का ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाचं पान प्रत्येकानं टाकायचं. सगळ्यांनी रंग पाळला तर तो हात बाद करून बाजूला ठेवायचा आणि सर्वांत मोठं पान टाकणाऱ्यानं पुढची उतारी करायची. एखाद्याकडे तो रंगच नसेल तर तो दुसऱ्या रंगाचं कुठलंही पान टाकतो. हाच झब्बू! हात तिथंच थांबतो आणि उतरलेल्या रंगाचं मोठं पान ज्याचं, त्याला सगळी पानं उचलावी लागतात. पुढची उतारीही त्याचीच. आमच्याकडे पहिल्या हाताला झब्बू धरत नाहीत. पानं संपली तो सुटला. शेवटी ज्याच्या हातात पानं उरली, तो हरला.

मोठी पानं सुरुवातीलाच काढून टाकावीत, दुर्री-तिर्री जपून ठेवावी. आणि मोजत राहावं. एका रंगाचे तीन हात पूर्ण झाले म्हणजे १२ पानं गेली, उरलं एकच. ते उतरणाऱ्याच्याच अंगावर झब्बू येणार!

त्या रात्री बदामाचा तिसरा हात चालू होता. आईची राणी सर्वांत मोठी. बायकोकडे बदाम नव्हता. दुसरं पान टाकणं भाग होतं, पण कुठलं ते तिच्या हातात होतं. एखादी दुर्री टाकून सासूबाईंना सांभाळून घेता आलं असतं. मी डोळ्यांनी तसं सुचवलंही. तिनं क्षणभर विचार केला आणि इस्पिकचा राजा टाकला. एक्का गेलेला, म्हणजे त्या रंगातलं सगळ्यात जड पान! "तगोरी, अत्ती!" ती म्हणाली. म्हणजे, घ्या सासूबाई.

मी श्वास रोखून धरला. आईनं पानं उचलून हातात लावली आणि म्हणाली, "ही खरं खेळते. तू मात्र लहानपणापासून मला मुद्दाम जिंकू देतोस." पुढच्याच डावात तिनं सुनेला तितकाच जड झब्बू दिला, तोही "तगो, तगो" म्हणत. त्या दिवसानंतर आमच्या स्वयंपाकघरात दोन्ही भाषा मिसळून बोलल्या जाऊ लागल्या, आणि वाद झाला तर तोही तोंडावरच.

आता आईला कंदिलाच्या उजेडात पानं दिसत नाहीत. दोघी मिळून एकच हात खेळतात. बायको तिच्या कानात पानं सांगते, आई कुठलं टाकायचं ते ठरवते.

आणि बहुतेक वेळा शेवटी पानं माझ्याच हातात उरतात.