आपापला कोसला

'द रिटर्न ऑफ द किंग' (2003) या सिनेमात शेलॉब नावाची अजस्र कोळीण फ्रोडोला धाग्यांत गुंडाळते, तेव्हा हातातलं पॉपकॉर्न हातातच राहतं. पण आतून आपण बिनधास्त असतो. सॅम तलवार घेऊन येणार, हे ठरलेलंच! हॉलिवूडचा फंडा सिम्पल आहे. जाळं दुसऱ्याने विणलेलं असतं, त्यामुळे ते कापताही येतं.

मराठीतला सगळ्यात फेमस कोश मात्र हीरोने स्वतःच विणलाय. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 साली आली. तेव्हा ते पंचविशीत होते, म्हणजे तुमच्याआमच्याच वयाचे. कोसला म्हणजे कोश. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, होस्टेलवर राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. शेवटी गडी गावी परत. व्हिलन कुणीच नाही! प्रत्येक फटक्यानंतर तो आणखी तिरकस होतो, एवढंच. कॉलेजात वाचली तेव्हा मला पांडुरंग भलताच कूल वाटला होता. नोकरी लागल्यावर पुन्हा वाचली आणि टेन्शन आलं. कारण ऑफिसात सगळ्यावर जोक मारत दिवस ढकलणारे आपणही तेच करत असतो.

लालबाग-परळच्या चाळीत तर एकाच खोलीत कितीतरी कोश सापडतात. जयंत पवार यांचं 'अधांतर' हे नाटक 1997 मध्ये रंगभूमीवर आलं. पार्श्वभूमी 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपाची. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. नाटकातल्या घरात बाबा लेखक होण्याच्या स्वप्नात, मोहन क्रिकेटमध्ये, तर नरू भाईगिरीत. जाळं बाहेरच्यांनी टाकलेलं, हे खरं. पण आत प्रत्येकाने आपापला कोश विणलाय, आणि घर धरून ठेवायचं काम एकट्या आईवर.

गंमत बघा, ज्या गिरण्यांत सूत निघायचं, त्यांच्याच जागेवर आज आपण काम करतो. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आली. धाग्याची जागा ईएमआय, अप्रेझल आणि 'पुढच्या वर्षी नक्की सोडतो'ने घेतली.

रेशमाचा एक हिशेब आहे. एका कोशातून शेकडो मीटरचा सलग धागा निघतो. त्यासाठी आतला जीव बाहेर पडायच्या आधीच कोश उष्णतेने तापवतात. पतंग स्वतः बाहेर आला, तर धागा तुटतो आणि भाव पडतो. थोडक्यात काय, तर न तुटलेल्या कोशाचा फायदा आतल्याला कधीच होत नाही.

या वीकेण्डला दादरला उतरलात, तर 'कोसला' उचला. आधी वाचली असेल, तर पुन्हा वाचा. पहिला पगार झाल्यानंतर ती वेगळीच कादंबरी वाटते.