निस्तार : रानहक्कांची विसरलेली भाषा

इंग्रजीत ‘फॉरेस्ट’ म्हणजे मुळात झाडी नव्हेच. राजाच्या शिकारीसाठी राखलेला, वेगळ्या कायद्याखालचा मुलूख तो. त्यात शेतं असत, गावंही असत. ‘डिसअफॉरेस्ट’ म्हणजे एखादी जमीन त्या कायद्यातून मोकळी करणं. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १२१७ साली निघालेल्या वनसनदेत रयतेला काही हक्क परत मिळाले. त्यातला एक ‘पॅनेज’, ओकची फळं खायला डुकरं रानात सोडण्याचा. त्या जमान्यातले आणखी दोन शब्द : ‘एस्टोव्हर’ म्हणजे सरपण, कुंपण आणि घरदुरुस्तीपुरतं लाकूड घेण्याचा हक्क, ‘टर्बरी’ म्हणजे जळणासाठी दलदलीतली माती कापण्याचा. आज इंग्रजांनाही हे शब्द कोशात पाहावे लागतात. हॅम्पशायरच्या न्यू फॉरेस्टमध्ये मात्र पॅनेज अजून चालू आहे.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत या साऱ्याला एकच शब्द पुरत होता : निस्तार. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, रानातून चुलीला सरपण, नांगराला आणि बंडीला लाकूड, कुडाला बांबू, गुरांना चराई. ही वहिवाट होती, कुणाची मेहरबानी नव्हती. घरच्या रानहक्कांसाठी राजाकडून सनद घेणाऱ्या इंग्रजांनीच इथे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलं आखली. १९२७ च्या कायद्यातही मुदतीत न मांडलेला हक्क संपला, असंच कलम आहे. अहेरीच्या रानातल्या माडिया माणसापर्यंत हक्क मांडायची नोटीस कोणत्या भाषेत पोचणार होती?

१९५१ मध्ये मालगुजारी संपली. मालगुजारांच्या काळातले तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चं आद्याक्षरांनी ‘मामा’ झालं. आज मामा तलाव म्हणणाऱ्या पोरांना तो कुणाचा मामा, हे ठाऊक नसतं. निस्ताराचं काय झालं? तो कागदावर गेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ मध्ये, निस्तारपत्रकाची कलमं आहेत आणि ती खास विदर्भासाठी आहेत. शेजारीच ‘वाजिब-उल-अर्ज’, म्हणजे वाट, पाणी, मासेमारी यांच्या गावरिवाजांची नोंद. पण लोकांच्या तोंडी निस्तार आक्रसत गेला. सवलतीच्या दरातला बांबू, एवढाच त्याचा अर्थ उरला.

बांबूचीच गोष्ट जरा जवळून पाहू. झाडीत त्याचे कोवळे कोंब, वास्ते, भाजीला. पक्का बांबू बुरडाच्या हाती सूप, टोपली, ढोली होतो. वनस्पतिशास्त्राला तो गवत. १९२७ च्या कायद्याला मात्र तो ‘झाड’. या एका व्याख्येपायी गावकऱ्याने बांबू तोडला की गुन्हा, आणि कागद कारखान्याला त्याचीच वर्षानुवर्षं लीज. मला हा अन्याय कुठल्याही दंडुक्याहून जास्त खुपतो, कारण तो व्याख्येत लपून बसला होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला आणि सामूहिक हक्कांच्या कलमात ‘निस्तार’ हा आपला जुना शब्द जसाच्या तसा इंग्रजी मजकुरात आला, ‘त्याला नाव काहीही असो’ अशा अर्थाच्या पुस्तीसह. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना हवाच होता, नि तो देणं वनखात्याच्या हाती. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून सुटायला मात्र २०१७ उजाडावं लागलं.

झाडीपट्टीतल्या ग्रामसभांनी आपलं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज महसूल दप्तरातून मागून घ्यावं. वाचताना गावातली जुनी माणसं जवळ बसवावीत. कुठल्या बोडीवर गुरं पाण्याला जात, कुठल्या पहाडीचा बांबू कुडाला चालायचा, हे अजून त्यांच्या तोंडपाठ आहे. कागदात सुटलेल्या जागा तेच भरतील.