फ्रिजमध्येही वाढणारा जंतू

गर्भ गेला की आपल्याकडे पहिला प्रश्न त्या बाईलाच विचारतात, "पपई खाल्ली होतीस का?" 1985 साली लॉस एंजेलिसमध्ये गर्भ गेलेल्या बायकांनी खाल्लं होतं ते मऊ, पांढरं मेक्सिकन चीज, दिसायला आपल्या पनीरसारखं. त्यातून पसरलेल्या एका जंतूच्या साथीत 142 रुग्ण सापडले. त्यांतले 93 म्हणजे गरोदर बायका किंवा त्यांची बाळं. 20 बाळं पोटातच दगावली, 10 जन्मल्यानंतर गेली. चीज करताना त्यात न तापवलेलं दूध मिसळलं गेलं असावं, असं तपासात दिसलं. खाणारीला हे कळणार कसं? चवीत, वासात काही फरक पडत नाही. म्हणूनच तो पपईचा प्रश्न मला क्रूर वाटतो.

या जंतूचं नाव लिस्टेरिया. फ्रिजच्या 4 अंशांत बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते, हा मात्र सावकाश वाढत राहतो. पोटात गेला की आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो. मग त्या पेशीचंच ॲक्टिन नावाचं प्रथिन वापरून स्वतःमागे शेपटी उभी करतो आणि तिच्या रेट्याने थेट शेजारच्या पेशीत घुसतो. पेशीबाहेर पडतच नाही, त्यामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. असा लपतछपत तो रक्तावाटे वारेपर्यंत पोचतो आणि तीही ओलांडतो. गरोदरपणात या आजाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे दहापट.

तरी गिळलेला प्रत्येक जंतू तिथवर जात नाही, कारण आतड्यात आधीपासून ठाण मांडून बसलेले जंतू त्याला अडवतात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातल्या संशोधकांनी 2017 साली हे उंदरांवर दाखवलं. अँटिबायोटिकने आतड्यातले जंतू मारले, तेव्हा लिस्टेरियाला रान मोकळं झालं. क्लॉस्ट्रिडियालिस गटातल्या चार प्रजाती त्याला रोखून धरतात, हेही त्यांना आढळलं. अर्थात हे उंदरांतलं. दही-ताक खाल्लं की गर्भ सुखरूप, असा अर्थ यातून कुणी काढू नये. पण मनाने मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेणं गरोदर बाईने नक्की टाळावं.

आईला जाणवतो तो बारीक ताप, अंगदुखी. तेही कधी कधी खाल्ल्यावर कित्येक आठवड्यांनी. फ्लू म्हणून ते अंगावर काढलं जातं. डॉक्टरांना शंका आली तर रक्ताच्या कल्चरमध्ये लिस्टेरिया सापडू शकतो, आणि मग उपाय असतो तोही अँटिबायोटिकच: शिरेतून दिलेलं ॲम्पिसिलिन. ते वेळेत सुरू झालं तर बाळ वाचू शकतं.