परसातील गॅसची शेगडी : निवड व निगा

जबलपूरच्या परिसरात हिवाळा लागला म्हणजे अंगणात गोवऱ्यांचा विस्तव करून त्यावर गक्कड, अर्थात कणकेचे जाड गोळे, भाजण्याची चाल जुनी आहे. सोबतीला त्याच विस्तवात भाजलेल्या वांग्यांचे भरीत असते. धूर टाळावयाचा असल्यास हे भाजणे परसात गॅसच्या शेगडीवरही करता येते. या शेगडीत खाली बर्नर, त्यावर ठिबकणारी चरबी अडविणारा पत्रा, वर जाळी आणि सर्वांवर झाकण अशी योजना असते. रचना सोपी असली, तरी गॅसचे गुणधर्म ध्यानात न घेता ती वापरणे धोक्याचे आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. सिलिंडर उभा असता द्रवाच्या वर साचलेला वायू बाहेर येतो. आडवा केल्यास द्रवच बाहेर पडून ज्वाला भडकतात. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते व सिलिंडर गार पडतो. त्यामुळे थंडीच्या दिवसांत ज्योत कधी कधी मंदावते. तरीही सिलिंडरला शेक देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

‘जेट’ नावाच्या बारीक भोकाच्या तोटीतून वेगाने निघणारा गॅस बर्नरच्या नळीत हवा ओढून घेतो. एक घनफळ प्रोपेन पूर्णपणे जळण्यास सुमारे २४ घनफळे, तर ब्युटेनला सुमारे ३१ घनफळे हवा लागते. नळाने येणाऱ्या गॅसमधील मुख्य घटक मिथेन. त्याला साडेनऊ घनफळे पुरतात. म्हणून एका गॅसकरिता घडविलेली शेगडी जेट न बदलता दुसऱ्यावर चालवू नये. शेगडी विकत घेताना ती कोणत्या गॅससाठी व किती दाबासाठी बनविली आहे, हे प्रथम विचारावे. आपल्याकडील घरगुती रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम दाबाने गॅस सोडतो.

बिडाची जाळी उष्णता दीर्घकाळ धरून ठेवते. मात्र तिला तेलाचा हात न दिल्यास पावसाळ्यात गंज चढतो. स्टेनलेस पोलादाची जाळी हलकी असून तिची निगा सोपी असते. जाळी घासताना तारेच्या ब्रशाची सुटलेली तार अन्नात जाऊ शकते, म्हणून काथ्या वापरणे बरे. पत्र्यावर साठलेली चरबी वेळोवेळी काढून टाकावी. ती पेटल्यास पाणी न ओतता गॅस बंद करावा.

पावसाळाभर शेगडी पडून राहिली, तर बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतात किंवा कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. मग हवेची वाट अडते. निळी ज्योत पिवळी होऊन काजळी धरते, तर कधी गॅस मागे फिरून बटणापाशीच पेटतो. म्हणून पहिल्या वापरापूर्वी नळी काढून साफ करावी. पेटविताना झाकण उघडे असावे. ज्योत न धरल्यास बटण बंद करून पाच मिनिटे थांबावे.

हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर न जाता गटार, तळघर अशा खोलगट जागी साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले, तरी ठिणगीने पेट घेतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे दिसल्यास गळती आहे असे समजावे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. रबरी नळी मानक चिन्हाची असावी. भेगा दिसताच किंवा तिच्यावरील मुदत संपताच ती बदलावी. गळती आटोक्यात न आल्यास सर्वांनी दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

मुळात गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. परंतु अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्यास निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंगही नसतो व वासही नसतो. त्याची सूचना नाक देऊ शकत नाही. म्हणून पाऊस आला किंवा थंडी वाढली, तरी ही शेगडी खोलीत अथवा बंद व्हरांड्यात पेटवू नये; तिची जागा मोकळ्या परसातच होय.